वारुळाला काच

वारूळ मुंग्या बांधत नाहीत. वाळवी बांधते. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या लोकांना ऐकवलंय की आता कुणी नुसतं "वारूळ" म्हणालं तरी ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. ऐकणारा मान डोलावतो, "असं का? हे माहीतच नव्हतं," म्हणतो, आणि लगेच विचारतो, "मग मुंग्या आत कुठून जातात?"

मी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या निसर्गसंग्रहालयात काम करते. ट्रस्टचं आहे. जुन्या इमारतीचा पहिला मजला, त्यात पेंढा भरलेला बिबट्या, बरण्यांतले साप, टाचण्या टोचलेली फुलपाखरं. सगळं काचेमागे. शाळेच्या सहली येतात, मुलं काचेला नाक टेकवतात, काचेवर वाफ धरते, ती आमचे शिपाईमामा फडक्याने पुसतात. मुलांचा आणि प्राण्यांचा एवढाच काय तो संबंध.

मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं, मग प्रदर्शनाची रचना कशी करायची याचा वेगळा कोर्स केला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणीही गेलेलं नाही. हे मी सांगते कारण मला सांगायला आवडतं. आमचं गाव कधीच महापालिकेत गेलं, शेताच्या जागी टॉवर उभे राहिले, चुलत भाऊ बिल्डरांच्या गाड्यांतून फिरायला लागले, पण पदवी घरात आणली ती मी. तेव्हा संग्रहालयात चिकटल्यावर माझं एकच म्हणणं होतं. या हॉलमध्ये एक तरी वस्तू अशी हवी, जिच्यात माणसाला हात घालता येईल.

त्यातून वारूळ आलं. माझ्या खांद्याइतकं उंच, फायबरचं, समोरून अख्खं आणि मागून उभं कापलेलं. समोर तीन भोकं. वरच्या भोकात हात घातला की वाळवीने वारा खेळायला ठेवलेल्या बोगद्यातली झुळूक लागते. मधल्यात बुरशीची बाग, बोटांना स्पंजासारखी लागणारी. आणि सगळ्यांत खाली राणीची खोली. तिथे मऊ, फुगीर, किंचित कोमट राणी, हात लागला की हळूहळू धडधडणारी. सेन्सरने हात ओळखला की मागच्या कापलेल्या बाजूने तेवढ्याच खोलीत दिवा लागतो, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांना आत काय चाललंय ते दिसतं. कागदावर हे इतकं सुंदर दिसत होतं की मलाच माझा अभिमान वाटला.

आमचे मुख्य विश्वस्त निवृत्त वकील आहेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांनी माझं रेखाटन चष्मा वर करून पाहिलं, चष्मा खाली करून पाहिलं.

"वाळवी," ते म्हणाले. "आमच्या घराच्या चौकटी हिने खाल्ल्या. आता आपण तिचा सत्कार करायचा म्हणता."

"सत्कार नाही, सर. ओळख."

"ओळख आहे आमची. जुनी आहे."

पण मंजुरी दिली. त्यांचं हे असंच असतं. आधी टोमणा, मग सही.

वारूळ करायला मी कसबा पेठेतल्या एका कारागिराकडे गेले. गणपतीचे देखावे करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. मापं दिली, फोटो दिले, भोकं किती आणि कुठे ते दिलं. तयार झाल्याचा फोन आला म्हणून बघायला गेले, तर वारुळाच्या डोक्यावर पाच फण्यांचा नाग.

"हे काय?"

"नाग."

"मी नाग सांगितला होता?"

"सांगायला कशाला पाहिजे, मॅडम? वारूळ म्हटल्यावर नाग आलाच की." त्याने खाली वाकून बटण दाबलं. पाचही फणे डोलायला लागले, डोळे लाल झाले. "इंटरॅक्टिव्ह पाहिजे म्हणालात ना तुम्ही?"

"काढा तो."

"मी नाही काढणार. तुम्हीच काढा."

स्क्रू मीच काढले. तो तोवर पाठ करून हात जोडून उभा होता. निघताना म्हणाला, "नाग नसला तर लोकांना कळणार कसं, की हे वारूळ आहे?" मी म्हटलं, वाळवी दिसेल की. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेचा अर्थ मला महिन्याभराने कळला.

वारूळ हॉलमध्ये बसलं, लोक यायला लागले, आणि हात कुणी घालेना.

खरं तर मी शेतकऱ्याच्या घरातली, मला हे आधी सुचायला हवं होतं. माझी आई शेताच्या बांधावरच्या वारुळाला पाय लागला तर पाय धुवून यायची. आणि मी तिथे लोकांना कोपरापर्यंत हात घाला म्हणत होते! आई-बापच मुलांना मागे ओढायचे. "बाळा, नको हं, आत काहीतरी असेल." मी पुढे होऊन सांगायचे, आत काही नाही, रबर आहे. तर बाबा म्हणायचे, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे हो, पण कशाला?" आयटीतली एक जोडी आली होती. तो तिला म्हणतो, तू घाल ना आधी. ती म्हणते, तू घाल, तुझा इन्शुरन्स आहे. दोघांनी वारुळासमोर सेल्फी काढला आणि गेले.

मी पाटी लावली: "निर्धास्तपणे हात घाला." एका आजोबांनी ती दोनदा वाचली, हसले आणि मला म्हणाले, "चांगली खोचक पाटी आहे. कोण घालेल आता!" पुण्यात पाटीवर सरळ काही लिहिलेलं असतं, यावर माणसांचा विश्वासच उरलेला नाही.

मग एके दिवशी सकाळी वरच्या भोकात उदबत्ती खोचलेली सापडली. आमच्याच शिपाईमामांनी. झुळूक यायची नळी राखेने भरली.

"मामा, ही काय देवाची जागा आहे का?"

"नाही, मॅडम. पण सकाळी एकट्याने हॉल उघडायचा म्हणजे..." त्यांनी वारुळाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरं दिसत नाही, काही न करता."

उदबत्ती बंद केली. मग हळद-कुंकू सुरू झालं. सहलीबरोबर आलेल्या बाया, पर्समध्ये कुंकवाची डबी असलेल्या आज्या, मी पाठ वळवली की टिकली टेकवूनच पुढे जायच्या. फुलं यायला लागली. एकदा मधल्या भोकात अख्खं केळं निघालं. बुरशीच्या बागेत केळं! हळद सेन्सरच्या डोळ्यावर बसली, त्याला वाटायला लागलं की आत कुणाचा तरी हात सतत आहे, राणी दिवसभर धडधडत राहिली आणि तिची मोटर जळली.

नवी मोटर बसवून झाल्यावर सरांनी मला खोलीत बोलावलं.

"आपण काच लावून घेऊ," ते म्हणाले. "समोरून, तिन्ही भोकांवर. पाहायला कुणाची ना नाही."

"सर, मग हात कसा घालणार?"

"तसाही कोण घालतंय?"

हे खरं होतं आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मी म्हटलं, "सर, काचेमागे ठेवायला तुमच्याकडे बिबट्या आहे. माझ्या वारुळाला काच लागली, तर मी इथे करतेय काय? फडकी मामा मारतातच."

असं बोलायला नको होतं, असं नंतर इतरांनी सांगितलं. मला तसं वाटलं नाही. सरही रागावले नाहीत. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं.

"नागपंचमी येतेय. त्या दिवशी इथे काय होईल, याची मला आताच कल्पना आहे. आपल्यालाही असेल. ठीक आहे. त्या दिवशी दुपारी मी काचवाल्याला घेऊन येतो. दुधाचा एक थेंब जरी आत गेलेला दिसला, तर माप घेऊनच तो परत जाईल. नाही गेला, तर बघू."

घरी येऊन मी हे सगळं जेवताना ओकून टाकलं. लोक कसे आहेत, केळं कसं निघालं, दूध आलं तर माझी वर्षभराची मेहनत कशी काचेत जाईल. आईने पोळी वाढली. एरवी माझ्या नोकरीबद्दल ती चार प्रश्न विचारते. त्या दिवशी एकच विचारला.

"मोठं हाय का गं वारूळ?"

"माझ्या खांद्याएवढं."

"मग चांगलंच हाय की," ती म्हणाली आणि भांडी आवरायला उठली. मी तेव्हाच समजायला हवं होतं.

नागपंचमीला मी हॉल उघडायच्या आधीपासून वारुळाशेजारी खुर्ची टाकून बसले. मामांना खाली दारात उभं केलं आणि बजावलं की दूध दिसलं की वर सोडायचं नाही. सकाळ बरी गेली. दोन शाळा आल्या, एका आज्जींकडून कुंकू काढून घेतलं, त्या मला "नास्तिक" म्हणून गेल्या. मग जिन्यावर बांगड्यांचा आवाज झाला. एकीच्या नव्हे, पुष्कळ जणींच्या. आणि मामांचा आवाज, "मॅडमच्या आई आहेत, त्यांना कसं अडवू?"

सगळ्यांत पुढे माझी आई. काठाची साडी, हातात ताम्हण, त्यात दूर्वा, आघाडा, लाह्या. मागे माझी चुलती, हातात दुधाची किटली. तिच्या मागे आमच्या आळीतल्या दहा-बारा जणी. बसने आलेल्या, मंडईपाशी उतरून फुलं घेतलेली, तिथून चालत.

"आई!"

"वरडू नगं. लोकं बगत्यात."

"मी तुला जेवताना काय सांगितलं होतं?"

"सांगितलंस की. खांद्याएवढं हाय म्हणून." तिने वारुळाकडे पाहिलं आणि ताम्हण खाली न ठेवताच मान लववली. "आपल्या बांधावरचं त्या जेसीबीनं नेलं. त्याच्यावर आता गाड्या लावत्यात. तवापासनं पाटावर चंदनाचा नाग काढतोय आमी. चित्राला किती दिस पुजायचं?"

चुलती तोवर वारुळाभोवती फिरून आली होती. "नाग कुटंय?" तिने विचारलं.

"नाग नसतो, काकू. वारूळ वाळवी बांधते."

"ती मुंग्यांचंच बोलती," चुलतीने मागच्यांना समजावलं.

मी किटलीपुढे आडवी उभी राहिले. रागाने माझा आवाज चढला होता, शिकलेल्या बाईसारखा अजिबात राहिला नव्हता. "एक थेंब आत गेला ना, तर साहेब याला काच लावणार आहेत. आज. काचवाला यायला निघालाय. मग हे कपाटातल्या बिबट्यासारखं होणार, लांबून बघायचं. हातसुद्धा लावता यायचा नाही."

आईने ताम्हण एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"हात बी न्हाय?"

"नाही."

"मग पुढच्या वर्साला आमी कुटं जायाचं?"

मला म्हणायचं होतं, हे संग्रहालय आहे, तुमची सोय नाही. म्हणाले नाही. कारण आयुष्यात पहिल्यांदा या बायकांना आणि मला एकच गोष्ट हवी होती, फक्त कारणं निराळी होती. आणि काचवाला खरंच निघालेला होता.

"किटली ठेव खाली," आई चुलतीला म्हणाली. "वाटीत निवद दाखवू. आत न्हाय वतायचं."

"आणि हात घालायचा," मी म्हटलं.

"आज माती उकरत न्हाईत, बाय," मागून कुणीतरी म्हणालं. "आज विळी बी धरत न्हाईत."

"उकरायचं कुठे आहे? नुसता हात आत घालायचा. आणि माती नाही ती, फायबर आहे."

"फायबर हाय?" चुलती माझ्यावरच उखडली. "मग मघापासनं मी पाया कुणाच्या पडती?" पण एवढ्या लांब येऊन परत जाणारी ती बाई नव्हे. तिने बांगड्या कोपराकडे सरकवल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि खालच्या भोकात हात घातला.

"अगं बया!" हॉल दणाणला. "लिबलिबीत हाय काय तरी! धडधडतंय गं!"

मागून दिवा लागला. बाया धावत मागे गेल्या, कापलेल्या बाजूने राणी बघायला.

"ही कोन?"

"राणी. सगळ्या वारुळाची आई. एवढी जाड होते की तिला जागचं हलता येत नाही. जन्मभर याच खोलीत अंडी घालते. बाकीच्या तिला खायला घालतात, पुसतात, अंडी उचलून नेतात."

"म्हंजी बाळंतीण."

"जन्मभर बाळंतपण?" दुसरी म्हणाली. "मेली बिचारी."

"आन् राजा नसतो व्हय?"

"असतो. तिच्या शेजारीच असतो."

"करतो काय?"

"तसं काही नाही."

"मग आमच्यातलाच हाय त्यो," चुलती म्हणाली, हात आतच ठेवून, आणि सगळ्या अशा हसल्या की खालून मामा बघायला आले. मग रांगच लागली. कुणी झुळूक घेतली, कुणी बुरशीच्या बागेत बोटं रुतवून बघितली. त्या दिवशी सकाळी आलेली एक आई आणि तिची दोन पोरं अजून हॉलमध्येच होती. तीही येऊन रांगेत उभी राहिली. इतके दिवस मी ज्याची वाट पाहिली ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी किटलीवरून नजर काढता येत नव्हती.

सर आले ते अशा वेळी. मागे काचवाला, कानावर पेन्सिल. सर दारातच थांबले.

"हळदीकुंकू आहे होय," ते म्हणाले. "आम्हाला आमंत्रण नव्हतं."

मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. "अवो साहेब, या की. हात घाला. चावत न्हाय."

माझ्या तेव्हा लक्षात आलं की या माणसाने मंजुरी दिली, उद्घाटनाला भाषण केलं, मोटरीवरून मला खोलीत बोलावलं, पण आत हात एकदाही घातलेला नाही. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. शर्टाची बाही दुमडली. दहा-बारा बाया टाचा उंचावून बघत होत्या. हात आत गेला, दिवा लागला, आणि सरांच्या चेहऱ्यावरचा वकील क्षणभर कुठेतरी गेला.

"कोमट आहे," ते म्हणाले.

"बाळंतीण हाय," चुलतीने माहिती पुरवली.

त्यांनी हात लगेच काढला नाही, हे मी पाहिलं. काढल्यावर मात्र रुमालाने पुसला, चष्मा लावला, आणि वाकून तिन्ही भोकांत दूध शोधलं. कुंकू नव्हतं, दूध नव्हतं. आईने किटलीचं झाकण उघडून दाखवलं. "बगा. भरल्याली हाय."

काचवाल्याने तेवढ्यात स्वतःही एकदा हात घालून घेतला होता. "साहेब, माप घेऊ?"

"तूर्त राहू द्या," सर म्हणाले.

पुण्यात "तूर्त" पुष्कळ वर्षं टिकतं. मी खुर्चीत बसले, आणि किटलीतल्या दुधाचा सगळ्यांना चहा झाला. खाली मामांच्या शेगडीवर, दोन खेपांत.

इथे हे संपलं असतं तर मी सुखी माणूस झाले असते. पुढच्या आठवड्यात सकाळी मामांनी मला हाक मारली. वारुळावर मुंग्यांची रांग. जमिनीवरून सरळ वर, राणीच्या भोकात. मी बॅटरी घेऊन आत बघितलं, तर राणीच्या कुशीला, सेन्सरच्या पलीकडच्या फटीत, जिथे बोटं पोचत नाहीत, तिथे घरंगळलेल्या लाह्या. मूठभर तरी.

संध्याकाळी आईला विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"मीच घातल्या. तुमी चहाला गेलावता तवा. दुधाचं नको म्हणाली व्हतीस, लाह्यांचं कुटं म्हणालीस? एवढी अंडी घालती, तिला खायाला नगं?"

"म्हणजे तू हात घातलास."

"घातला की." मग पोळी लाटता लाटता, "मऊ केलीयस. चांगली केलीयस." इतकी वर्षं शिकतेय मी, माझ्या कामाबद्दल तिने दिलेला हा पहिला शेरा. आणि त्याच्याबरोबर मुंग्या.

दुसऱ्या दिवशी सर आले. मी वारुळापुढे उभी राहून पाहिलं, पण मुंग्या काही माझं ऐकून थांबत नाहीत. ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला. आणि जेव्हा सरळ झाले तेव्हा इतके खूश होते की मी त्यांना तसं कधी पाहिलेलं नव्हतं.

"बघा," ते म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून मनात म्हणत होतो. वारूळ मुंग्यांचंच. त्यांना कळलं, आपल्याला नाही."

ते वाक्य माझ्या जिभेवर आलं. वर्षभर आलेलं, आपोआप येणारं. ते मी बोलून टाकलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग या मुंग्या कशाला आल्या, आणि त्याचं उत्तर आत राणीच्या कुशीला पडलेलं होतं. काचवाल्याचा नंबर सरांच्या खिशात.

"हो, सर," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि फडकं घेऊन बिबट्याच्या काचेकडे गेले.